वकीलपत्र नाकारणारे ठराव

एखाद्या गावी भीषण गुन्हा घडावा, लोकांची माथी भडकावीत, मोर्चे निघावेत, बाजारपेठ कडकडीत बंद राहावी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेथील वकील संघाने सभा भरवून ‘या आरोपीचे वकीलपत्र आमच्यापैकी कोणीही घेणार नाही’ असा ठराव एकमताने संमत करावा, हा आपल्या देशात आता जवळजवळ एक रिवाजच होऊन बसला आहे. २००८ च्या डिसेंबरात मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने असा ठराव केला. २०१३ च्या जानेवारीत दिल्लीच्या साकेत न्यायालयातील वकिलांनी तोच कित्ता गिरविला. २०१९ मध्ये हैदराबादजवळच्या शादनगर येथे, २०२० मध्ये कर्नाटकात म्हैसूर व हुबळी येथे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या घटनेनंतर कल्याण येथे हेच घडले. कोठे कत्तल, कोठे बलात्कार, तर कोठे नुसता एक फलक किंवा चार घोषणा. अपराध निरनिराळे, ठरावाचा मसुदा मात्र एकच.

ठराव करणारी ही मंडळी दुष्ट असतात असे आम्ही म्हणत नाही. ती त्याच गावची माणसे असतात. बळी पडलेली मुलगी त्यांच्याच आळीतली असते, तिचा बाप त्यांच्या ओळखीचा असतो, आणि काळा कोट अंगावर चढविला म्हणजे माणसाचे रक्त थंड होते असे नाही. त्यांचा संताप खरा असतो. त्याबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु त्या संतापाला त्यांनी दिलेले रूप कायद्याच्या दृष्टीने बेकायदा, व्यवसायाच्या दृष्टीने लज्जास्पद आणि ज्या पीडितांच्या नावाने तो ठराव होतो त्यांच्याच हिताला बाधक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याविषयी फारसा वाद नाही, म्हणून तो भाग थोडक्यात उरकतो. अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. तेथे ‘प्रत्येक’ या शब्दाला कोणतेही शेपूट नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हाच हक्क ३०३ व्या कलमात होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो ३४० व्या कलमात आहे. भारतीय वकील परिषदेचे नियम तर वकिलाला उद्देशूनच लिहिलेले आहेत. ज्या न्यायालयात आपण व्यवसाय करतो तेथील कोणतेही काम, आपल्या दर्जाला व कामाच्या स्वरूपाला साजेशी फी मिळत असेल तर, वकिलाने स्वीकारलेच पाहिजे. नकाराला विशेष कारण हवे. आणि आरोपी दोषी आहे की निर्दोष याविषयी स्वतःचे मत काहीही असो, त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. कोइंबतूरच्या वकिलांचे पोलिसांशी भांडण जुंपले तेव्हा त्यांनी पोलिसांचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. त्या प्रकरणात ६ डिसेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांनी देशातील असे सर्वच ठराव रद्दबातल ठरविले, आणि ते वकीलवर्गाला कलंक आहेत असे बजावले. त्या निकालाला आता दशकाहून अधिक काळ लोटला. आम्ही वर दिलेल्या यादीतील पहिला ठराव सोडला, तर बाकीचे सारे त्यानंतरचे आहेत! कायद्याचे रक्षण ज्यांनी करावयाचे, त्यांनाच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून त्याची तमा नसावी, यांपैकी अधिक वाईट काय, हे आम्हांला सांगता येत नाही.

‘वकील’ हा शब्द आपल्या भाषेत कसा आला हे येथे आठवण्यासारखे आहे. पेशवाईत वकील म्हणजे दरबारी दूत. पुण्याचा वकील निजामाकडे असे, इंग्रजांचा वकील पुण्यास असे. ज्याच्याशी उद्या तलवार भिडणार, त्याचाही वकील आज दरबारात मानाने बसे, आणि धन्याच्या अपराधाबद्दल वकिलाच्या अंगाला हात लावणे हे नामर्दपणाचे मानले जाई. त्याही मागे जावयाचे तर लंकेच्या दरबारात बिभीषणाने रावणाला हेच सांगितले होते की, दूत अवध्य असतो. तो बोलतो ते त्याचे नसते, ज्याने पाठविले त्याचे असते. रावणाने मारण्याचा बेत सोडला, पण शेपटीला आग लावल्यावाचून त्याला राहवले नाही, आणि त्या आगीत काय जळाले ते घराघरांत ठाऊक आहे. मुद्दा असा की, ‘वकील म्हणजे त्याचा अशील नव्हे’ हा विचार आपल्याकडे कोणी विलायतेहून आणून लादलेला नाही. तो आपल्या शब्दातच आहे.

विलायतेच्या बॅरिस्टरांत याच तत्त्वाला भाड्याच्या गाड्यांच्या रांगेवरून नाव पडले आहे: रांगेत पहिला उभा असलेल्या गाडीवानाने जो उतारू येईल त्याला घेतलेच पाहिजे. दादरच्या स्थानकाबाहेर टॅक्सीवाल्याची मनधरणी करणाऱ्या मुंबईकराला या उपमेचे हसू येईल, हे आम्ही जाणतो.

परंतु तत्त्वाची परीक्षा सोप्या खटल्यात होत नसते. ती आपल्या या शहरात, आपल्या डोळ्यांदेखत झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर गोळ्या झाडणाऱ्या दोघांपैकी एकाचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले होते, आणि तोच एकटा जिवंत हाती लागला होता. अजमल कसाबचा गुन्हा सिद्ध करावयास आणखी पुरावा तो काय हवा, असे त्या दिवसांत ज्याला वाटले नाही असा मुंबईकर विरळा. प्रारंभी कसाबला भारतीय वकील नको होता. पाकिस्तानी वकील द्या, असे त्याचे म्हणणे होते. पुढे मार्च २००९ मध्ये त्यानेच सरकारी खर्चाने वकील मागितला. न्यायालयाने श्रीमती अंजली वाघमारे यांना नेमले आणि त्याच रात्री त्यांच्या घरावर जमाव चालून गेला, दगडफेक झाली. त्यांनी हे काम मागितले नव्हते. न्यायालयाने ते सोपविले होते. म्हणजे तो दगड, पाहू गेल्यास, न्यायालयावरच पडला होता. पुढे दुसऱ्या एका कामात त्या याच हल्ल्यातील एका पीडिताच्या बाजूने उभ्या आहेत असे दिसून आल्यावर त्यांची नेमणूक रद्द झाली, आणि तेही योग्यच झाले. एका वकिलाने दोन्ही तीरांवर पाय ठेवावयाचा नसतो. त्यांच्या जागी श्री. अब्बास काझमी आले. त्यांचे व न्यायालयाचे पटले नाही, तेव्हा श्री. के. पी. पवार आले. उच्च न्यायालयात श्री. अमीन सोलकर व श्रीमती फरहाना शाह यांनी आणि सर्वोच्च न्यायालयात श्री. राजू रामचंद्रन व श्री. गौरव अग्रवाल यांनी ते काम केले. न्यायमूर्ती आफताब आलम व चंद्रमौळी प्रसाद यांनी आपल्या निकालपत्रात न्यायमित्रांच्या कामाची मुद्दाम प्रशंसा नमूद केली.

फाशी टळली काय? नाही. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने सुनावलेली शिक्षा २१ फेब्रुवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यास ती अमलात आली. चार वर्षे लागली म्हणून त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. ‘बिर्याणी’च्या कहाण्या पसरल्या, त्या आपणच रचल्या होत्या, असे खटला चालविणाऱ्या सरकारी वकिलांनी पुढे स्वतःच सांगून टाकले. परंतु आज मागे वळून पाहताना त्या चार वर्षांचे मोल कळते. त्या निकालाला जगात कोणीही नाटक म्हणू शकला नाही. ज्यांनी हे मारेकरी पाठविले त्यांनाही म्हणता आले नाही. हे श्रेय जितके तपास करणाऱ्या पोलिसांचे व सरकारी वकिलांचे आहे, तितकेच आरोपीच्या बाजूने उभे राहून साक्षीपुरावा पारखून घेणाऱ्या वकिलांचेही आहे. कसोटीला न लावलेले सोने सोनेच असेलही. पण सराफ त्याला पावती देत नाही.

आणि या खटल्याची दुसरी बाजू तर आपण विसरूनच गेलो आहोत. कसाबबरोबर आणखी दोघे आरोपी होते, दोघेही भारतीय. त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे काढून शत्रूला पुरविले, असा त्यांच्यावर आरोप होता. त्यांपैकी एकाचा बचाव अ‍ॅड. शाहिद आझमी करीत होते. आझमींची ऐन उमेदीची वर्षे स्वतः तुरुंगात गेली होती. तेथे ते शिकले आणि बाहेर येऊन वकील झाले. त्यांनी न्यायालयापुढे मांडलेला मुद्दा एखाद्या शाळकरी मुलालाही समजावा इतका साधा होता. ज्या नकाशावर आरोपाची इमारत उभी होती, तो मारल्या गेलेल्या एका हल्लेखोराच्या विजारीच्या खिशात सापडला, असे सांगण्यात आले होते. विजार रक्ताने माखलेली होती, मग खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग कसा नाही? ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या त्यांच्या कचेरीत शिरून मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघे बत्तीस. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ मे रोजी, ज्या न्यायाधीशांनी कसाबला दोषी ठरविले त्याच न्यायाधीशांनी, म्हणजे श्री. मदन तहलियानी यांनी, त्या दोघांना निर्दोष सोडले. सरकार अपिलात गेले. उच्च व सर्वोच्च, दोन्ही न्यायालयांनी सुटका कायम ठेवली.

आता वाचकांनी क्षणभर असे समजावे की, २००८ च्या डिसेंबरातला तो ठराव अक्षरशः पाळला गेला असता. कोणीही उभे राहिले नसते. कसाबला फाशी झालीच असती, आणि त्याच्या जोडीने ज्यांच्याविरुद्ध पुरावा टिकला नाही असे दोघेही गेले असते. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. येथे चोराबरोबरच संन्याशालाही सुळी, एवढाच फरक. सारे शहर त्या दिवशी पेढे वाटीत असते, आणि त्या आनंदात आपण काय केले हे कोणाला कधीच कळले नसते.

आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत असू. वर्गात एखाद्याची कंपासपेटी नाहीशी झाली की चाळीस मुले एका सुरात एकाच मुलाकडे बोट दाखवीत, आणि तो मुलगा बहुधा मागच्या बाकावरचा, फाटक्या सदऱ्याचा असे. पुष्कळदा पेटी त्याच्याकडे सापडे, हेही खरे. पण जेव्हा सारा वर्ग एका सुरात बोलतो तेव्हाच मास्तरांनी दप्तरे नीट तपासावीत, हे शिक्षकाच्या पेशातील अगदी प्राथमिक शहाणपण आहे. राज्यकारभाराला ते अधिकच लागू पडावे. २००६ च्या मालेगावच्या स्फोटांत ज्या तरुणांना प्रथम पकडण्यात आले, त्यांनी सुमारे पाच वर्षे कोठडीत काढली. पुढे तपासाचा रोखच बदलला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. अटकेच्या दिवशी त्यांच्या अपराधाविषयी कोणाला शंका होती?

दिल्लीतील एक उदाहरण तर मुळातून पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या डिसेंबरात तेथे एका प्रवासी बसमध्ये स्फोट होऊन चार माणसे दगावली. आरोपी पाकिस्तानी नागरिक. म्हणजे देशात ज्याला एकही माणूस आपला म्हणणार नाही असा. खटला चालला, फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायमही केली. सर्वोच्च न्यायालयात कागदपत्रे उलगडली तेव्हा दिसून आले की, बहुतांश साक्षीदारांच्या साक्षी आरोपीला वकील नसतानाच झालेल्या आहेत. उलटतपासणी म्हणून काही झालेलीच नाही. २०१२ मध्ये खटला पुन्हा चालविण्याचा हुकूम झाला. या वेळी वकील होता. २०१३ मध्ये त्याच पुराव्यावर, त्याच गुन्ह्यातून, तोच माणूस निर्दोष सुटला. फासाचा दोर व सुटकेचा कागद यांत अंतर होते ते एका उभ्या राहिलेल्या वकिलाचे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. वकीलही माणूस आहे, त्याला विवेकबुद्धी आहे. ज्याच्या कृत्याने अंगावर शहारे येतात त्याच्यासाठी बोलण्याची सक्ती त्याच्यावर का? आमचे उत्तर असे की, एखाद्या वकिलाला एखादे काम खरोखरच झेपणारे नसेल, मयताशी त्याचे नाते असेल किंवा स्वतःच्या मनाचा तोल सांभाळण्याची खात्री नसेल, तर नियमांतील ‘विशेष कारण’ त्याच्यासाठीच आहे. अनिच्छेने उभा राहिलेला वकील अशिलाचे नुकसानच करील. परंतु एका माणसाने आपल्या मनाला विचारून दिलेला नकार वेगळा आणि शंभर माणसांनी हात वर करून एकशे एकाव्यालाही घातलेली बंदी वेगळी. पहिल्यात विवेक आहे. दुसऱ्यात विवेकाचीच गळचेपी आहे, कारण जो वकील ते काम घेऊ इच्छितो त्याच्या विवेकाचे काय? संघातून काढण्याची, बहिष्काराची, ग्रंथालयाची दारे बंद करण्याची भीती त्याला दाखविली जाते. ठराव एकमताने होतो म्हणतात. त्या एकमतात किती जण खाली मान घालून बसलेले असतात, याची नोंद इतिवृत्तात नसते.

दुसरा आक्षेप असा की, वकील उभा राहिला म्हणजे तो खोट्याचे खरे करणार. वकिलाला खोटा पुरावा उभा करण्याची किंवा न्यायालयाची दिशाभूल करण्याची मुभा नाही. तसे तो करील तर त्याची सनद जावी. त्याचे काम एवढेच की, फिर्यादी पक्षाने आपले म्हणणे सिद्ध करून दाखवावे असा आग्रह धरावयाचा. आरोपी दोषी आहे असे वाटून जो वकील मागे सरतो तो नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, हा युक्तिवाद थॉमस अर्स्किन यांनी १७९२ मध्ये लंडनला टॉमस पेन यांचा बचाव करताना केला होता. पेन यांच्याविरुद्ध निकाल गेला, आणि युवराजांच्या पदरी असलेली मोठ्या मानाची जागा अर्स्किन यांना गमवावी लागली. त्यांचा युक्तिवाद मात्र आमच्या सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्येही कामास आला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा रँडच्या खुनामुळे राज्यकर्त्यांचा व त्यांच्या गोऱ्या वृत्तपत्रांचा पारा किती चढला होता, हे इतिहासाच्या कोणाही वाचकास ठाऊक आहे. त्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी दिनशा दावर उभे राहिले, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला, आणि प्रत्यक्ष खटल्यात बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू यांना आणावे लागले. प्यू साहेबांना टिळकांची मते पटत होती असे कोणी म्हणणार नाही. १९०८ मध्ये तेच दावर न्यायासनावर होते. जामिनाचा अर्ज बॅ. जीना यांनी केला व तो फेटाळला गेला. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१६ मध्ये पुन्हा जीना उभे राहिले आणि या वेळी उच्च न्यायालयाने टिळकांविरुद्धचा हुकूम रद्द केला. १९०८ चा तो खटला ज्या दालनात चालला त्याच्या बाहेर १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टिळकांच्या उद्गारांची शिला बसविली. मुंबईचे वकील रोज तिच्यावरून ये-जा करतात. त्या काळच्या सरकारच्या लेखी टिळक हे आजच्या भाषेत ‘देशद्रोही’च होते. राजद्रोह्याचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही असा ठराव त्या वेळच्या मुंबईच्या वकिलांनी केला असता, तर आज आपण त्यांना कोणत्या शब्दांत स्मरले असते?

आणि गांधीजींच्या खुनाचा खटला! त्याहून मोठा शोक व त्याहून मोठा संताप या देशाने पाहिलेला नाही. महाराष्ट्रात तर त्या संतापाने घरे जाळली. तरीही १९४८ मध्ये लाल किल्ल्यात प्रत्येक आरोपीला वकील होता. शंकर किस्तय्या या एका गरीब नोकराला सरकारी खर्चाने वकील देण्यात आला. खालच्या न्यायालयाने त्याला व ग्वाल्हेरच्या डॉ. परचुऱ्यांना शिक्षा दिली. १९४९ मध्ये अपिलात दोघेही सुटले. नव्या राज्यघटनेची शाई अजून कागदावर उतरावयाची होती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

बचावाचा हक्क म्हणजे चैन आहे असे वातावरण एकदा तयार झाले की, मग खटल्याचीच गरज लोकांना वाटेनाशी होते. शादनगरच्या प्रकरणातील चौघे आरोपी ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की, चकमकीची कहाणी विश्वासार्ह नव्हती, ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मारले गेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीतच मारला गेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत बरोबरच्या पोलिसांवर ठपका आला. वकिलांच्या ठरावामुळे हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या गावात आरोपीला वकील मिळू नये असे वकीलच म्हणतात, त्या गावात त्याला खटला तरी कशाला हवा, असे इतरांनी म्हटले तर त्यांना अडवावयाचे कोणी? बदलापूरच्या त्या चिमुरड्या मुलींच्या आईबापांना न्यायालयात उभे राहून, सर्वांसमक्ष, अपराध सिद्ध झालेला पाहण्याचा जो हक्क होता, तो त्या गोळीने कायमचा हिरावून घेतला. शाळेत काय झाले, कोणी दडपले, याचा मुख्य साक्षीदारच नाहीसा झाला.

पीडितांचा विषय निघाला म्हणून स्पष्टच सांगतो. आरोपीला सरकारी खर्चाने वकील, आणि आमच्या लेकीसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवावयाच्या, ही जी तक्रार सामान्य माणसाच्या ओठांवर असते ती पोकळ नाही. सरकारी वकिलावर कामाचा डोंगर असतो. पीडितेच्या कुटुंबाशी दोन शब्द बोलण्यास त्याला सवड नसते. तारखांवर तारखा पडतात. स्त्रिया व मुले यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली विनामूल्य वकील मिळू शकतो, आणि सरकारी वकिलाच्या साहाय्यास पीडिताला स्वतःचा वकील देण्याची तरतूद २००९ पासून आहे, हे खेड्यापाड्यांत किती जणांना माहीत आहे? वकील संघांना आपला संताप खरोखरच सत्कारणी लावावयाचा असेल तर याहून चांगले क्षेत्र नाही. आरोपीला वकील न देण्याच्या ठरावाऐवजी ‘या पीडित कुटुंबाच्या बाजूने आमचे पाच ज्येष्ठ वकील एक पैसाही न घेता शेवटपर्यंत उभे राहतील’ असा ठराव एखाद्या संघाने केला, तर त्याचे स्वागत पहिल्या पानावर करू.

आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील हाही अनेकदा नावापुरताच असतो, हे येथे नमूद केले पाहिजे. न्यायाधीशांनी दालनात नजर फिरवावी, जो कनिष्ठ वकील रिकामा दिसेल त्याच्या हाती कागद द्यावेत आणि त्याने त्याच दुपारी साक्षीदाराची उलटतपासणी करावी, ही पद्धत म्हणजे वकील न देण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची योजना जिल्ह्याजिल्ह्यांत आणली आहे. ती चांगली आहे. परंतु गावाचा रोष ओढवून घेणारे काम त्या तरुण वकिलांनी करावयाचे, तर त्यांच्या पाठीशी गावातील वकील संघ उभा हवा, पुढ्यात नव्हे.

हुबळीच्या ठरावाचे प्रकरण कर्नाटकच्या उच्च न्यायालयात गेले तेव्हा, मुंबईच्याच उच्च न्यायालयातून तेथे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेलेल्या श्री. अभय ओक यांनी संघाची कानउघाडणी केली आणि संघाला आपला ठराव आवरता घ्यावा लागला. म्हणजे मनावर घेतले तर हे होऊ शकते. दर वेळी उच्च न्यायालयाने दटावण्याची वाट पाहावयाची कशासाठी? महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेने असे जाहीर करावे की, ज्या संघात असा ठराव मांडला जाईल त्याच्या अध्यक्षांना व चिटणिसांना १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली गैरवर्तनाबद्दल नोटीस जाईल. ज्या वकिलाने अप्रिय आरोपीचे काम घेतले आहे त्याच्या घराला व कचेरीला संरक्षण देण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकावर, शहरात पोलीस आयुक्तावर, नावानिशी टाकली जावी. कुर्ल्याची घटना पुन्हा घडू द्यावयाची नसेल तर हे टाळता येणार नाही.

कसाबच्या निकालपत्रातच सर्वोच्च न्यायालयाने एक आज्ञा देशातील सर्व दंडाधिकाऱ्यांना दिलेली आहे, ती पुष्कळांच्या लक्षात नाही. आरोपीला पहिल्यांदा समोर आणताच, वकिलाचा सल्ला घेण्याचा तुला हक्क आहे आणि ऐपत नसल्यास तो सरकार देईल, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरतो. कोंबडी चोरल्याच्या आरोपावरून पकडलेल्या पालघरच्या आदिवासीलाही आज हे ऐकण्याचा हक्क आहे. तो हक्क त्याच्या हाती पक्का आला तो या देशातील सर्वांत तिरस्कृत आरोपीचे अपील कोणी तरी मन लावून चालविले म्हणून. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात, दंडाधिकाऱ्याने ते वाक्य उच्चारताच उठून उभे राहतील अशा वकिलांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तयार ठेवावी, तीत संघाच्या अध्यक्षांचे नाव पहिले असावे, आणि ती न्यायालयाच्या दारावर लावावी.